मुढा मोडला ते बरं झालं

मित्रांनो, आधी बसा. माझ्यासमोर कोणी उभं राहिलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. मी एक जुना मुढा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझी जात पाहिली नसेल, म्हणून सांगतो. सरकंडा नावाचं उंच, कडक गवत असतं. त्याच्या काड्या तिरप्या रचून दोरीने घट्ट बांधतात, वर दोरीचीच बैठक विणतात आणि खालची कड झिजू नये म्हणून सायकलचा जुना टायर बसवतात. वरखाली गोल आणि मधे बारीक कंबर, असं आमचं रूप. दिल्लीकडे आम्हाला घरोघरी मान आहे. निदान होता.

माझा जन्म गुडगावच्या पुढे एका खेड्यात झाला. विक्रीला मात्र मी आर. के. पुरममध्ये रस्त्याच्या कडेला आलो. तिथून मला उल्हासरावांनी घरी आणलं. केंद्र सरकारच्या नोकरीत ते नुकतेच बदलून आले होते आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये बसायला काहीच नव्हतं. पहिली काही वर्षं मी बैठकीच्या खोलीचा राजा होतो. साताऱ्याहून पाहुणे आले की "अगंबाई, किती गोड आहे हे!" म्हणत माझ्यावरच बसायचे. मग सोफा आला. सोफ्याबद्दल मी काही बोलणार नाही. माझी रवानगी बाल्कनीत झाली, कबुतरांच्या ताब्यात.

तिथे मला पुन्हा माणसात आणलं ते उल्हासरावांच्या पत्नीने, चंद्रप्रभाताईंनी. त्या सकाळी एका शाळेच्या वाचनालयात अर्धा दिवस काम करायच्या आणि दुपारी माझ्यावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहायच्या. वेबसाइटसाठी मिळेल ते काम. पंखा कोणता घ्यावा, केस का गळतात, पाहुण्यांसाठी झटपट नाश्ता. लिहायच्या झकास, पण त्याखाली त्यांचं नाव कधीच नसायचं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की त्या आतल्या खोलीत पळायच्या. गॅसवाल्याला फोनसुद्धा उल्हासरावच करायचे. माझं म्हणाल तर मी खुशीत होतो. कोवळं ऊन, चहाचा वास आणि हक्काचं माणूस. आणखी काय हवं?

मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका मासिकाच्या संपादक अलकनंदाबाईंनी ताईंकडे लेख मागितला. विषय होता दिल्लीत रस्त्याकडेला मुढे बांधणारे लोक. लेख मराठीत आणि ताईंच्या स्वतःच्या नावाने! ताईंनी आनंदाच्या भरात मला गरकन फिरवलं. मग नेहमीप्रमाणे इंटरनेटवर वाचून लेख लिहिला आणि पाठवून दिला. चार दिवसांनी फोन आला.

"माहिती सगळी बरोबर आहे हो," अलकनंदाबाई म्हणाल्या, "पण लेखात एकही माणूस नाही. जाऊन भेटा ना त्यांना! सोमवारपर्यंत थांबते. नाहीतर त्या जागी दुसरं काहीतरी घ्यावं लागेल."

फोन ठेवून ताईंनी आपला लेख पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला. आपलं नाव छापून यायची ही पहिलीच संधी होती, आणि ती हातची जाणार असं त्यांना वाटत होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या परस्पर आर. के. पुरमच्या मुढेवाल्यांकडे गेल्या. हातात फाइल, पेन, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. परत आल्या त्या तोंड एवढंसं करून, आणि उल्हासरावांसमोर धाडकन माझ्यावर बसल्या.

"काय गं, काय झालं?"

"अहो, एका बाईला मी नुसतं नाव विचारलं आणि लिहून घ्यायला लागले, तर कोणीतरी ओरडलं, 'कमेटी आ गई!' सगळ्यांनी भराभर माल टेम्पोत चढवायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, मी महापालिकेकडून रस्ता मोकळा करायला आलेय. मी 'नहीं, नहीं' करतेय, पण ऐकतंय कोण? मला नाही जमायचं हे. जमत नाही म्हणून कळवून टाकते."

असं म्हणून त्या मागे रेलल्या आणि मित्रांनो, माझ्या बैठकीची दोरी तटकन तुटली. ताई घडी होऊन माझ्या पोटात! पाय वर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. उल्हासराव आधी पोट धरून हसले आणि मग मदतीला धावले. आतल्या आत ताईंनाही हसू फुटलं होतं.

"चलो," त्यांना ओढून काढत उल्हासराव म्हणाले, "आता तर तुला जावंच लागेल. मुढा दुरुस्तीला कोण नेणार? मला उद्या ऑफिस आहे."

"रविवारी?"

"बिल्कुल. संसदेचं अधिवेशन आहे."

ते खरं होतं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

रविवारी ताई मला घेऊन ऑटोत बसल्या. दोन्ही हात माझ्यात गुंतल्यामुळे फाइल घरीच राहिली. जिला त्यांनी नाव विचारलं होतं, तीच बाई समोर होती. तिने ताईंकडे संशयाने पाहिलं, मग माझ्याकडे.

"अच्छा, कमेटी वालों का भी मुढा टूटता है?"

"मैं कमेटी से नहीं हूँ जी. मैं लिखती हूँ," ताई कशाबशा म्हणाल्या. मग त्यांनी पाठ करून आणलेला प्रश्न विचारला, "आपके जीवन की सबसे बड़ी चुनौती क्या है?"

"अभी तो ये है कि आप मेरी धूप रोक के खड़ी हो. बैठ जाओ. और ये रस्सी पकड़ो, कस के."

बैठक विणताना दोरी कोणीतरी ताणून धरावी लागते. ताई दोरी धरून बसल्या. हात अडकल्यामुळे लिहिता येईना, म्हणून त्या बोलू लागल्या. आपल्याला माणसांशी बोलायची भीती वाटते, हेसुद्धा त्यांनी सांगून टाकलं.

"मैं भी डरती थी," ती बाई म्हणाली. तिचं नाव कौशल्या. "नई-नई आई थी, तब ग्राहक से मेरी सास ही बात करती थी. मैं मुढों के पीछे छुप जाती."

"फिर?"

"फिर सास चली गई मायके. ग्राहक सामने खड़ा था. बोलना पड़ा, और क्या!"

दोघी खळखळून हसल्या. मी त्यांच्यामध्ये आडवा पडलो होतो आणि मला नवी बैठक मिळत होती. इतकी सुखाची दुपार माझ्या उभ्या आयुष्यात आली नव्हती.

त्या संध्याकाळी ताईंनी सगळा लेख नव्याने लिहिला. उन्हाच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात केली. अलकनंदाबाईंनी तो जसाच्या तसा छापला.

अंक आला तेव्हा ताईंनी कौशल्याला घरी चहाला बोलावलं. उल्हासरावांनी तिला सोफा दाखवला, पण ती सरळ येऊन माझ्यावर बसली. सोफ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं! मराठी तिला येत नाही, पण अक्षरं हिंदीचीच. बोट ठेवत ती सावकाश वाचू लागली. वर ताईंचं नाव होतं. "ये तुम," ती म्हणाली. बोट ओळीओळीने खाली सरकलं आणि एका जागी थांबलं.

"कौ... शल्या." तिने पुन्हा एकदा वाचलं. "ये तो मैं हूँ."

नंतर बराच वेळ तिने ते बोट तिथून उचललं नाही. ताईंनी तिचा निवलेला चहा पुन्हा गरम करून आणला.

मित्रांनो, आता दुपारी मी पुष्कळदा रिकामा असतो. परवा ताई मानेसरच्या कारखान्यांपाशी गेल्या होत्या, कंपनीच्या बसने ये-जा करणाऱ्या बायकांना भेटायला. निघताना दारातून दोनदा परत आल्या, पण गेल्या. मला करमत नाही, पण वाईटही वाटत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी जुनंपानं असेल तर त्याला पावसात टाकू नका. दोरी सैल झाली की वेळेवर बांधून घ्या. फक्त त्यासाठी दुसऱ्या कोणाला पाठवू नका. स्वतः जा, आणि बांधणाऱ्याचं नाव विचारून या.