शिल्लक एक फूट

टिळेवाडीतल्या एकोणीस विहिरींपैकी चौदा विहिरींत, मेच्या पहिल्या सोमवारी, नकाशावर बरोबर एक फूट पाणी होतं. कुठली विहीर चाळीस फूट खोल, कुठली सत्तर. पाणी मात्र सगळीकडे एक फूट.

सुनीतीला हे दोन उन्हाळ्यांपूर्वीच दिसलं होतं. हा पाण्याचा नकाशा तिने आणि तिच्या सहकाऱ्याने, सुहासने, मिळून केलेला; ओपन सोर्स, कुणीही नोंद करावी, कुणीही वाचावी. विहिरीत दोरी सोडायची, भिजलेली लांबी मोबाईलवर भरायची. टिळेवाडीच्या बायका एकही सोमवार चुकवत नव्हत्या. पुण्यातल्या परिषदेत तिने त्यांचंच उदाहरण दिलं होतं. त्यानंतर शंका विचारणं राहूनच गेलं.

यंदा तहसील कचेरीत गावाचा टँकरचा अर्ज फेटाळला गेला. कारण एका ओळीचं : नकाशावर पाणी दिसते.

सकाळच्या एसटीने ती गावात पोचली. नोंदी भरणाऱ्या रंगुबाईंच्या विहिरीच्या तळाशी भेगाळलेला गाळ होता.

"मावशी, सोमवारी एक फूट कसं भरलंत?"

"मंग काय भरू?"

"शून्य."

"डब्यातलं पीठ सरलं तरी आमी 'वाढलं' म्हन्तो, बाई. जिची पूजा करतो त्या इहिरीला शून्य लिवू?"

"सगळ्याच असं भरतात?"

"समद्याच. तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

पंचायतीचा सदस्य गोरक्ष कठड्याला टेकून उभा होता. "ताई, तुमच्या एका फुटात आमचा टँकर बुडाला बघा. आता आकडे खोटे हायेत असं नकाशावाल्यांनीच लिहून द्यावं म्हनत्यात तहसीलवाले."

रंगुबाई हंडा घेऊन उठल्या. पाणी दीड कोसावर होतं.

सुनीतीने सुहासला फोन लावला. विहिरीचं आणि पत्राचं सगळं त्याला सांगितलं.

"एकशे बारा गावं आहेत," तो म्हणाला. "यातल्या कुठल्या गावाचा एक खरा, कुठला नाही, कोण सांगणार? एक पत्र दिलंस की सहा वर्षांचं काम गेलं. पुढच्या महिन्यात बघू ना."

"दोन वर्षं तेच म्हणतेय मी."

"मग?"

"आकडे विश्वासाचे नाहीत, आणि हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं, असं मी आज माझ्या सहीने लिहून देते. तू नकाशा नेटवरून उतरव."