जागा उरली तर

विमान कंपनीच्या काउंटरवर जिची हयात गेली, तिला माणसं आधी अक्षरांत दिसतात. एकटं निघालेलं पोर म्हणजे यूएम, चाकाच्या खुर्चीतले आजोबा म्हणजे डब्ल्यूसीएच आणि बाकी सगळी गर्दी म्हणजे पॅक्स. आमच्या घरीही हीच तऱ्हा. आमचे हे विमानं दुरुस्त करायचे. ताप आला की पांघरुणातून सांगायचे, "आज मी एओजी." म्हणजे विमान जमिनीवर, उडायचं नाव नाही. लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "बाबांचा ईटीए काय?" म्हणजे पोहोचायची वेळ. पुढे हे गेले, लेक लग्न होऊन विमानानेच गाठावं इतकी लांब गेली आणि ती भाषा बोलायला मी एकटी उरले. अंग मोडून आलं तर एओजी म्हणून सांगणार कोणाला, दूधवाल्याला?

निवृत्त झालेल्यांना कंपनी जवळजवळ फुकट तिकीट देते. त्यावर दोन अक्षरं असतात, एसए. स्पेस अव्हेलेबल, जागा उरली तर. भाडं भरलेले सगळे बसले आणि एखादी सीट रिकामी राहिली तर तुम्ही. नाहीतर उचला पिशवी आणि व्हा चालते. अशी मी कितीदा तरी विमानतळावरून परत आले आहे. शेजारीण म्हणते, "अहो, एकदा पैसे टाकून तिकीट काढा की. पेन्शन काय वर घेऊन जाणार आहात?" तिला काय कळणार कप्पाळ. पक्कं तिकीट काढायचं तर आधी लेकीला विचारायला हवं, येऊ का म्हणून. आणि विचारल्यावर ती क्षणभर थांबली तर? मला त्या क्षणाची भीती वाटायची. एसएवर विमान नाही म्हणतं, लेकीला म्हणावं लागत नाही.

लेकही त्याच भाषेत वाढलेली. फोनवर म्हणायची, "ये ना आई, एसएवर बघ." आपण हात धुऊन झाल्यावर दारातल्या माणसाला 'बसा जेवायला' म्हणतो ना, तसं. मी तरी कुठे शहाणी, मला तेवढंही पुरायचं.

पण या खेपेला मला जायचंच होतं. तिने नवं घर घेतलं होतं. "एक खोली तुझीच आहे," असं ती दर फोनला सांगायची. ती खोली मला बघायची होती. खरं सांगायचं तर ती आहे की नाही, ते बघायचं होतं.

दुपारच्या विमानाला काउंटरवर मासोळी होती. हे तिचं नाव नव्हे, आम्ही ठेवलेलं. नवी असताना एका म्हाताऱ्या बाईंच्या नावापुढे तिने एमएएएस वाचलं. त्याचा अर्थ 'भेटा आणि मदत करा'. या बयेने ती अक्षरं जोडून 'मास', म्हणजे मांस असं वाचलं आणि जन्मात अंडंही न खाल्लेल्या त्या बाईंना कोंबडीचं ताट पाठवलं. तेव्हापासून ती मासोळी. आता चांगली काउंटरची मुख्य झाली आहे, पण मला पाहिलं की अजून लाजते.

"काकू, आज नशीब काढलंत," ती म्हणाली आणि बोर्डिंग पास माझ्या हातात ठेवला. "खिडकीजवळची दिलीय."

मी बाजूला होऊन लेकीला फोन लावला.

"विमानतळावर आहेस?" ती म्हणाली. "बरं, आता परत जाताना टॅक्सी कर हं. उन्हात बसची वाट बघत उभी राहू नकोस."

म्हणजे तिने मला घरी पाठवूनही टाकलं होतं.

"अगं, सीट मिळाली."

आणि ती थांबली. मी इतकी वर्षं जो क्षण टाळत आले, तो हा असा फोनवर येऊन उभा राहिला.

"मिळाली? अरे वा. नाही, छानच झालं. फक्त त्या खोलीत सध्या यांची मावशी आहे, महिनाभर. मी धरलंच नव्हतं गं आई, एसए म्हटल्यावर कोण धरतं? थांब, काहीतरी करते. बाहेर गादी घालू." मग फोन बाजूला धरून तिने नवऱ्याला हाक मारली. तिचा आवाज दमलेला होता. माझी लेक वाईट नाही. ती खरोखरच काहीतरी करायला निघाली होती, आणि तेच मला ऐकवेना.

"एक मिनिट हं, इथली मुलगी बोलावतेय," मी म्हटलं. कोणी बोलावत नव्हतं. फोन छातीशी धरून मी थोडी उभी राहिले. मग म्हटलं, "अगं, उतरवलं बघ मला. ऐन वेळी पूर्ण भाड्याचा माणूस आला."

"अरेरे," ती म्हणाली, आणि तिने सोडलेला श्वासही मला ऐकू आला. "पुढच्या वेळी नक्की हं आई."

"नक्की," मी म्हटलं.

मी काउंटरवर जाऊन पास परत दिला.

"का हो काकू? खिडकी नको होती का?"

"घरी गॅस चालू राहिलाय बहुतेक."

तिला ते पटलं नाही. कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाली, "मग नो-शो टाकते. प्रवासी आलाच नाही म्हणून. सीट पटकन सुटते."

"ते नको गं."

"मग काय टाकू?"

"उतरवलं म्हणून टाक," मी म्हटलं. "मी आले होते."