वस्तादांच्या मागे

"एक थाप म्हणजे येऊ दे. दोन म्हणजे थांब. आणि जोरात मार, पत्र्याला काही होत नाही."

एवढं बजावून हे केबिनमध्ये चढले आणि मी खांद्याला पर्स लटकवून ट्रकच्या मागे उभी राहिले. गोदामाचं आवार लहान होतं, क्लीनर ताप आला म्हणून घरी गेलेला, आणि कागदाची भलीमोठी रिळं भरलेला ट्रक आधी मागे घेतल्याशिवाय फाटकाकडे वळणार नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्या धंद्यातलं काम माझ्या वाट्याला आलं ते हे पहिलं. मी एक डोळा भिंतीवर ठेवून थापा मारत गेले. भिंत हातभर राहिली तेव्हा दोन मारल्या आणि ते धूड जागच्या जागी थांबलं.

"जमलं की," हे खिडकीतून म्हणाले.

"थापा मारायला मी तुमच्याच घरात शिकले. सासूबाई विचारायच्या, त्याचा निरोप आला का? मी सांगायची, आला, मजेत आहेत."

यांनी पलीकडचं दार आतून उघडलं. मग म्हणाले, "चढ आता. डावा पाय आधी."

मुलीच्या बाळंतपणासाठी मी महिनाभर तिच्याकडे होते. परतायच्या वेळी घाटात धुकं उतरलं आणि बस बंद झाल्या. नेमका यांचा ट्रक त्याच गावात माल भरायला आला होता, म्हणून ही वरात. एरवी हे मला ट्रकमध्ये कधी बसवत नसत. बायकोला घेऊन फिरायला ही काय बाग आहे, असं यांचं म्हणणं. मलाही हौस नव्हती. ज्या ट्रकने माझा नवरा आयुष्यभर पळवून नेला, त्याच्या मांडीवर जाऊन बसायचं कशाला?

घरी हे पाहुण्यासारखे असायचे. टॉवेल कुठे आहे ते विचारायचे. जेवायचे, झोपायचे, उठून पलंगाच्या कडेला बसायचे आणि पिशवी भरली का म्हणून बघायचे. मुलगी लहानपणी शेजारणीला म्हणाली होती, आमचे बाबा रविवारी असतात. तोही अंदाजच होता.

म्हणून मी या वेळी कंबर कसली होती. मुलीकडे जाण्याआधी मी यांच्या ट्रकमालकांच्या बायकोला, मालकीणबाईंना, भेटले. एकदा नाही, चार वेळा. यार्डात वरच्या मजल्यावर काचेची खोली आहे. तिथे बसून कुठली गाडी कुठे जाईल, कुठला ड्रायव्हर कुठल्या रस्त्याला पाठवायचा ते बघायचं. ते बघणारा माणूस काम सोडून चालला होता. ती जागा यांना द्यायला मालक लगेच हो म्हणाले. अडलं ते यांच्यापाशी. आज गाडी यार्डात लागली की उत्तर द्यायचं, असं ठरलं होतं, आणि रस्ताभर यांचं डोकं खायची मी तयारी करून आले होते. ट्रकमधून माणूस उठून तरी कुठे जाणार?

निघण्याआधी यांनी हवा बघायला टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, एकेक टायर ठोकून पाहिला. मान तिरकी, कान टायरकडे.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"बरा आहे म्हणतोय. तुझी चौकशी करत होता."

माणूस खुशीत होता. मी गाव मागे पडू दिलं आणि विषय काढला.

"मग काय ठरलं तुमचं?"

"यार्डात पोचल्यावर सांगतो."

"म्हणजे नाहीच. माझ्या भावाने भागीदारीत दुकान काढू म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात. शाळेची बस मिळत होती, घरी जेवायला आला असतात, ती नको झाली. मालकांची मोटार चालवायचं ठरत होतं, तर म्हणे दुसऱ्याला दार उघडून द्यायला मी खाली उतरणार नाही."

"खरंच आहे ते."

"आता तर कुणाला दार उघडायचं नाही. खुर्चीवर बसायचं."

"बसून काय करू?"

"बाकीचे लोक करतात ते. संध्याकाळी घरी या."

यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. त्या दिवशी हे फार वेळा चष्मा पुसत होते. मला वाटलं, बाहेरचं दमट आहे म्हणून.

घाटाच्या तोंडाशी पोचलो तर समोर नुसता पांढरा काळोख. चहाच्या टपरीपुढे ट्रकांची रांग लागली होती आणि ड्रायव्हर चुलीभोवती कोंडाळं करून उभे होते. दुपार होत आली होती, पण एकही गाडी उतरत नव्हती. आमचा ट्रक थांबला आणि कोंडाळ्यातून कुणीतरी म्हणालं, "वस्ताद आले." बस्स. लोकांनी अर्धे कप ओतून दिले, विड्या विझवल्या आणि आपापल्या गाड्यांकडे चालायला लागले. मला काही समजेना.

"कुठे निघाले हे?" मी टपरीवालीला विचारलं.

"आता उतरतील ना सगळे," ती म्हणाली. "धुकं असलं की पुढे कोण होणार यावरून यांचं घोडं अडतं. वस्ताद आले की अडत नाही. त्यांच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून सगळे खाली जातात. तुम्ही त्यांच्या घरच्या ना? हा घ्या चहा. त्यांचा बिनसाखरेचा आहे."

मी यांच्याकडे पाहिलं. घरी मी दोन चमचे टाकते.

"बिनसाखरेचा आवडतो? मग बोलला नाहीत कधी?"

"तू टाकतेस म्हणून पितो," हे म्हणाले आणि कप रिकामा केला.

एक धिप्पाड मिशीवाला जवळ आला. त्याला सगळे पहिलवान म्हणत होते. एवढा मोठा गडी, पण यांच्यापुढे हात मागे बांधून उभा राहिला.

"वस्ताद, मी तुमच्या लगेच मागे लागू का? काचेचा माल आहे."

"लाग. दोन गाड्यांएवढं अंतर ठेव. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करायचं नाही."

"वहिनींसमोर सांगताय होय," पहिलवान लाजून म्हणाला.

हे धुक्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग चढले आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, ती खालपर्यंत तशीच राहिली. वळण आलं की हे त्या बाजूचा दिवा लावायचे. मागचा त्याच्या मागच्यासाठी तोच दिवा लावायचा, आणि ती खूण वर धुक्यात पाठोपाठ जायची. हॉर्न कुणी वाजवत नव्हतं.

"भीती वाटली तर थांबूया हं," मी म्हणाले.

"पुढच्याला थांबता येत नाही. मी थांबलो की पहिलवान माझ्यावर येणार, त्याच्यावर त्याच्या मागचा. एकदा निघालं की खाली पोचायचंच."

यांनी समोरची काच हाताने आतून पुसली. मग एकदम म्हणाले, "तुझ्या बाजूची पांढरी पट्टी दिसतेय?"

मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. रस्त्याच्या कडेला पुसट पट्टी होती आणि तिच्यापलीकडे काहीच नव्हतं.

"दिसतेय."

"सांगत राहा. जवळ आली की जवळ, लांब गेली की लांब."

मुलं रडायला लागली की आपण त्यांच्या हातात काहीतरी काम देतो. मला वाटलं, तसंच चाललंय. बायको घाबरू नये म्हणून हा उद्योग. पण मीही मग मन लावून सांगत राहिले. आहे. आहे. जवळ आली. लांब गेली. आहे. माझे केस ओले झाले, नाक गार पडलं. हे स्टिअरिंगचं चाक किंचित इकडे, किंचित तिकडे करत होते. घरात भांडं ठेवलं तरी आदळणारा माणूस, आणि इथे त्याच्या हातात इतकी नजाकत की रिळांचा साधा खडखडाट नाही.

मी आरशात पाहिलं. पहिलवानाचे दिवे, त्याच्या मागे आणखी दिवे, वरच्या वळणावर आणखी. प्रत्येक दिव्यामागे एक माणूस, त्याच्या घरी कुणीतरी पलंगाच्या कडेला पिशवी भरून देणारं, निरोप आला म्हणून खोटं सांगणारं. ती सगळी घरं या एका माणसाच्या मागे चालली होती, आणि तो माझा होता. माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं मी याला ट्रक ड्रायव्हर म्हणत होते. तो कोण आहे हे टपरीवालीला माहीत होतं, मला नव्हतं. मी तिथेच ठरवलं की मालकीणबाईंची माफी मागायची आणि त्यांना सांगायचं, काचेच्या खोलीत दुसरं कुणीतरी बसवा.

शेवटचं वळण उतरलो आणि धुकं संपलं. खाली लख्ख ऊन होतं. यांनी गाडी मोकळ्या जागेत कडेला घेतली. मागच्या गाड्या एकेक करून पुढे जायला लागल्या. प्रत्येकजण हॉर्न हलकेच वाजवायचा आणि हात बाहेर काढायचा. पहिलवान तर अर्धा खिडकीबाहेर आला होता. "पोचवलंत वस्ताद," तो ओरडला. हे एक बोट वर करून सगळ्यांना उत्तर देत होते. रांग संपेपर्यंत आम्ही थांबलो.

"अहो," मी म्हणाले, "मी मालकीणबाईंना नाही म्हणून सांगते. तुम्हाला ती खुर्ची नको. मला समजलं आज."

यांनी इंजिन बंद केलं, चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला पट्टी दिसत नव्हती," हे म्हणाले.

"कुठे?"

"दुसऱ्या वळणापासून. वर उभं राहून पाहिलं तेव्हा वाटलं, दिसेल. निघाल्यावर थांबता येईना. निम्मा घाट तू सांगितलंस म्हणून उतरलो, निम्मा आठवणीवर."

दरी आता आठवली. तेवढा वेळ ती माझ्याच बाजूला होती.

"डॉक्टरला दाखवू. नवा चष्मा घेऊ."

"दाखवलं. तू मुलीकडे होतीस तेव्हा. डोळ्याच्या पडद्याचं आहे, गेलं ते परत यायचं नाही म्हणाले. चांगल्या उजेडात, सपाटीवर अजून चालवा म्हणाले."

"मग सपाटीवर चालवा. घाट नका घेऊ."

"अगं, मी कुठेही दिसलो की ही पोरं मागे लागणार. धुकं असो, पाऊस असो. माझे दिवे बघून येतात ते. मला काय दिसतंय ते त्यांना थोडंच माहीत आहे?"

"सांगून टाका."

"सांगितलं तर म्हणतील, वस्ताद चेष्टा करतात. पहिलवान तर हसून हसून मरेल." हे स्वतःच जरासं हसले. "आज तू होतीस म्हणून. उद्या त्या सीटवर कोण असेल? त्यांना घेऊन खाली गेलो असतो तर? ज्याच्या मागे लोक येतात ना, त्याने दिसेनासं व्हायच्या आधी बाजूला व्हायला पाहिजे. आज मला थोडा उशीरच झाला."

मी रडायला लागले. गंमत बघा, ज्यासाठी मी मालकीणबाईंच्या पायऱ्या झिजवल्या ते आपण होऊन पदरात पडत होतं, आणि मला ते नको झालं होतं. यांनी मला रडू दिलं. मग शर्टाच्या टोकाने आधी चष्मा पुसला आणि त्याच टोकाने माझे डोळे.

"ती खुर्ची कशी आहे?" यांनी विचारलं. "फिरती आहे का?"

"आहे."

"मग बरं. मागचंही दिसेल."

पुढचा रस्ता सपाट, सरळ, उन्हात न्हालेला होता. हे आरामात चालवत होते. मला रस्त्यातली झाडं, पूल, वळणं दाखवत होते. इथे पाणी चांगलं मिळतं, इथे एकदा रात्रभर अडकलो होतो, या पंपावरचा माणूस तुझी विचारपूस करतो. "माझी?" मी म्हटलं. "तुझ्या हातच्या चटण्या तो खातो ना," हे म्हणाले. कोण कुठला पंपवाला, आणि मी वर्षानुवर्षं त्याच्या वाटणीचंही कुटत होते.

यार्डात शिरलो तेव्हा मालक फाटकाशीच होते. यांनी खिडकीतून मान काढली.

"उद्यापासून येतो वर," हे म्हणाले. "पण एक आहे. धुक्याच्या दिवशी घाटात कुणाला पाठवायचं नाही. माल उशिरा पोचला तर ओरडा मी खाईन."

"तुम्ही म्हणाल तसं, वस्ताद," मालक म्हणाले. त्यांनाही यांना वस्ताद म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "गाडी मागे घ्यायला माणूस देऊ का?"

"नको. माझी क्लीनर आहे."

मी उतरले आणि मागे जाऊन उभी राहिले. यांची जागा कोपऱ्यातली, दोन भिंतींच्या मधली होती. मी पत्र्यावर हात ठेवला. तो इंजिनाबरोबर थरथरत होता. मी थाप मारली, ट्रक मागे आला. पुन्हा मारली, पुन्हा आला. आरशात यांचा चेहरा दिसत होता, आणि हे आरशात भिंत बघत नव्हते, माझा हात बघत होते. भिंत दोन हातांवर आली, मग हातभर राहिली. आता दोन मारायच्या होत्या. मी एक मारली आणि हात तसाच वर राहिला. ट्रक आणखी थोडासा आला, अगदी हळू, मी सांगेन तिथपर्यंत येणार असा.

मग मी दुसरी मारली, आणि इंजिन बंद झालं.