माणसाचं भ्या

"काय आप्पा, लिंग गळ्यात अन् कोंबडी पिशवीत?" मुखेडच्या भर बाजारात मकसूद खाटीक ओरडला.

बसलिंगप्पानं शर्टाची वरची गुंडी लावून घेतली. "हळू बोल की. पाखराला पाहिजे."

"हाव, हाव. सगळे पाखरालाच नेतात."

पण खरंच पाखराला होती. आमचा बसलिंगप्पा जंगलखात्यात रोजंदारीवर. त्याच्या लिंगायताच्या घरात कधी अंडंसुद्धा शिजलं नाही. डोंगराच्या कड्यावर गरुडाचं घरटं, पिल्लू नुकतंच बाहेर पडलेलं. अहमदपूरच्या सुकन्या मॅडम पाखरांचा अभ्यास करायच्या. त्यांनी त्याला दुर्बीण दिली अन् बजावलं, "आप्पा, नुसतं बघायचं. कुठं बसतं, कुठवर उडतं. मधी पडायचं नाही."

आता नुसतं बघायचं तरी कसं? पिल्लू खडकावर बसून दिवसभर कोकलायचं. आई तितर मारून आणायची अन् लांबच्या बाभळीवर त्याच्यादेखत धरून बसायची. इथवर उडून ये, मग खा. पिल्लू गेलं नाही की स्वतःच गिळायची.

"आई हाय का वैरीण!" बसलिंगप्पा तिला खालनं शिव्या घालायचा.

एक दिवस न राहवून त्यानं कोंबडीचा तुकडा फेकला. मग रोजच. त्यानं हात वर केला की पिल्लू झेपावत यायचं. घरी जायच्या आधी तो राखेनं हात घासायचा, तरी गंगम्माला वास यायचाच. "कुठं बाटून आलात?" म्हणत बायकोनं त्याचं ताट ओसरीवर काढलं. तो तिथं बसून जेवला, खुशीत.

नडलं ते पुढं. वाडीवरच्या सरजाबाईनं दोरीवर लुगडं टाकायला हात वर केला अन् पिल्लू थेट तिच्या मनगटावर उतरलं. नखं हाडापर्यंत गेली. तिची पोरं गोफणी घेऊन बसली. "पुन्ना दिसू दे, मुंडीच मुरगाळतो."

मॅडमनी सगळं ऐकलं. रागावल्या नाहीत, तेच वाईट. "पकडलं तर जन्मभर पिंजरा. तसंच ठेवलं तर वाडीवाले मारणार. माणसाचं भ्या बसलं तरच जगंल ते. अन् ते तुमच्याच हातनं बसलं पाहिजे, आप्पा."

"लेकरू हाय वो मॅडम."

"तुम्हालाच आई समजून राहिलंय ते."

बसलिंगप्पा खडकाजवळ गेला, मागं मॅडम. पहिला दगड त्यानं मुद्दाम बाजूला फेकला. पिल्लू झेपावलं, दगड नखात धरून उलटा केला, टोचून बघितला. मान वाकडी करून त्याच्याकडं बघत कोकललं. आणखी एक फेकला. त्यावरही झेप.

"लागू द्या, आप्पा." मॅडमनी तोंड पलीकडं फिरवलेलं.

त्यानं नेम धरला. दगड पंखावर बसला. पिल्लू खडकावरनं घरंगळलं, धुळीतनं उठलं. पंख ओढत ओढत त्याच दगडापाशी गेलं अन् त्याला चोच लावून बघितली.

बसलिंगप्पा वाकला. दुसरा उचलला, जरा मोठा.