पत्र्याखालचे चौदा महिने

जिलानीचाचांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाची फरशी गुरुवारी फोडायची, हे मीच लिहून दिलं होतं. मंगळवारी सकाळी त्या फरशीत पाडलेल्या सहाव्या भोकात वाफ मोजणाऱ्या मीटरची नळी सोडली आणि आकडा आला अकरा. माझा हिशेब खरा असता, तर निदान पाचशे यायला हवा होता.

दुकानाला लागून शिवमूर्ती यांचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात आमच्या नांदेडच्या प्रयोगशाळेला पर्क सापडलं होतं. ड्रायक्लीनिंगच्या मशीनमध्ये पाण्याऐवजी हेच वापरतात. लिटरमागे चाळीस मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, तिथं एकशे ऐंशी. ट्यूशनसाठी लातूरला आलेल्या दीडशे मुली महिनाभर टँकरचं पाणी पीत होत्या. शेजारी असं दुकान असताना, मूळ तिथंच आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. मलाही नव्हती.

पर्क पाण्याहून जड. सांडलं की माती, मुरूम ओलांडून खाली काळ्या खडकाच्या भेगांत उतरतं, आणि वरच्या मातीत त्याची वाफ उरते. वाफ जिथं सर्वांत दाट, तिथं मूळ. मग मशीनच्या अगदी पायाशी अकरा का?

मी गुडघ्यावर बसून पाहिलं. मशीनच्या पायांशेजारी जुने बोल्ट जमिनीलगत कापलेले होते. नवे बोल्ट चार बोटं सरकून बसवले होते.

"चाचा, हे मशीन कधी हलवलं होतं?"

"न्हाई बेटी. अठ्ठ्याऐंशीपासून हितंच हाय. आता या वयात हलवलं तर भंगारातच जाईल." गुरुवारची भीती त्यांना हीच होती. फरशी फोडायची म्हणजे मशीन उचलायचं, आणि मशीन गेलं की दुकान गेलं.

हसीनाचाची काउंटरवर एका शेरवानीला नंबराची चिंधी टाचत होत्या. सुई न थांबवता म्हणाल्या, "अन् भूकंपाच्या वर्षी? तवा काय दुकान हवेत चालत होतं?"

"ते काय हलवणं झालं? चार दिवस बाहेर ठेवलं."

"चार दिवस! चौदा महिने. स्लॅबखाली पाय ठेवायला तयार नव्हते हे. सहा माणसांनी पाइपांवर ढकलत नेलं. वर चार पत्रे ठोकले. माझी चूल बी तिथंच."

"जमीन हलत होती, हसीना. अख्खं लातूर बाहेर झोपत होतं."

"झोपत होतं. मशीन कोणी नेलं न्हाई."

"कुठं नेलं होतं?" मी विचारलं.

चाचींनी सुई मागच्या भिंतीकडे रोखली. भिंतीपलीकडे वसतिगृहाच्या मेसचं अंगण. सतरा वर्षांपूर्वी, भूकंपाच्या वेळी, तिथं मोकळा प्लॉट होता.

चाचा स्टुलावर बसले. "मशीनमध्ये उरलेला पर्कचा गाळ तिथंच मातीत ओतायचो," ते हळू म्हणाले. "वास जायचा, वाटायचं उडून गेलं."

आम्ही मेसच्या अंगणात गेलो. शिवमूर्तींना हे पटेना. "मॅडम, घाण त्यांची अन् फरशी फोडायची माझी? दिवाळीत बसवलीय. उदगीरहून मिस्त्री आणला होता."

"आज फोडत नाही. दोन फरश्यांच्या सांध्यात बोटाएवढं भोक पाडते. आकडा पन्नासच्या खाली आला तर मीच सिमेंट भरीन, आणि गुरुवारी ठरल्याप्रमाणे दुकान फोडू."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मला धाकधूक नव्हती. सहा भोकांचे आकडे मागच्या भिंतीकडे वाढत गेलेले होते. ते मी आधीच नीट वाचायला हवे होते.

"मालक," चाचा म्हणाले, "घाण माझीच हाय, नाही म्हणत न्हाई. पण ती हितं असल तर माझी फरशी फोडून पोरींचं पाणी कसं साफ हुईल?"

शिवमूर्तींनी हात केला, पाडा म्हणून.

नळी खाली गेली. चाळीस. दोनशे. सातशे साठ. शिवमूर्तींनी चष्मा लावला, मीटर पाहिलं, मग वाकून भोकाचा वास घेतला.

"भूकंपाच्या वर्षी माझं लग्न झालं, त्या सुटाला हाच वास होता," ते म्हणाले.

"तो सूट मीच धुतला होता, मालक."

"लई भारी धुतला. सतरा वर्षं वास ऱ्हायला." आणि त्यांनी मेसच्या बाईंना पातेली आत घ्यायला सांगितली.

गुरुवारी अंगण खोदलं. दोन फुटांवर शेडच्या खांबांचे चार बुडखे निघाले, आणि त्यांच्या मधोमध माती काळपट तेलकट. ती पिंपांत बंद करून घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवली. खाली पाइप सोडून पंख्याने वाफ ओढली. बोअरचं पाणी कोळशाच्या टाक्यांतून फिरवलं. भिंतीपलीकडे चाचांचं मशीन सगळे दिवस चालू होतं. त्याचा गाळ आता झाकणाच्या पिंपात जातो. ते झाकण चाची रोज तपासतात.

आठव्या महिन्यात बोअरच्या पाण्याचा आकडा सलग तिसऱ्यांदा चाळीसच्या खाली आला. चौतीस. शिवमूर्तींनी टँकर बंद केला.

अहवालात मी मूळ जागा दुरुस्त करून लिहिली, आणि पहिली जागा चुकीची होती, ती मी सुचवली होती, हेही लिहिलं. चाचा अजून म्हणतात, मशीन चारच दिवस बाहेर होतं. अहवालात मात्र चौदा महिनेच आहेत. त्याखाली साक्षीदार म्हणून हसीनाचाचींची सही आहे.