ओली गुंडाळलेली चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे आणि माझ्या मधोमध तळहाताएवढा डाग आहे. पाहणारा आधी डागच पाहतो, म्हणून मीही सुरुवात त्यानेच करते.

मी कंपालाहून मसाकाला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावातली. नाबातान्झी नावाच्या बाईने शिंदीची कोवळी पानं चिरली, वाळवली, काही जांभळ्या रंगात उकळली, त्यांच्या लांब पट्ट्या विणल्या आणि त्या एकमेकींना शिवून मला घडवलं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी चटई पसरतात. बाया चपला काढून तिच्यावर गुडघे टेकतात, वडीलधाऱ्यांची खुशाली विचारतात आणि मग पाय एका बाजूला दुमडून बसतात. नाबातान्झीसारखी डौलाने गुडघे टेकणारी बाई आमच्या टेकडीवर दुसरी नव्हती. लोक तिचं कौतुक करत आणि थोडं माझंही होई.

पुढे तिला कर्करोग झाला, आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. कंपालाच्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आमच्याकडे रुग्णाबरोबर चटईही जाते, कारण सोबतीचं माणूस खाटेजवळ जमिनीवरच झोपतं. तिची लेक नान्क्या माझ्यावर झोपत असे. रोग गेला, पण नाबातान्झी घरी आली ती पोटावर आतड्याचं एक लालसर तोंड घेऊन. मळ आता तिथून यायचा, न विचारता, न सांगता, आणि चिकटवलेल्या पिशवीत साठायचा. रुग्णालयाच्या पिशव्या संपल्या की ती बाजाराची प्लास्टिकची पिशवी फडक्याने पोटाला बांधायची. हे लेकीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

एका रविवारी चर्चमधल्या बाया भेटायला आल्या. नाबातान्झी गुडघे टेकायला वाकली, पोट दाबलं गेलं आणि पिशवी सुटली. ओल माझ्यात उतरली. सगळ्या बाया जाईपर्यंत ती त्या जागेवरून हलली नाही, कुणाला निरोप द्यायलाही उठली नाही. मग तिने मला घाईघाईने पुसलं, ओलीच गुंडाळलं आणि चुलीवरच्या माळ्यावर कोंबलं.

तिथे मी आतून कुजत होते. मला माझाच वास येई. कुणी मला खाली काढू नये असंच वाटे.

नाबातान्झीने विणणं सोडलं आणि गुडघे टेकणंही सोडलं. कोणी आलं की दारातल्या स्टुलावर ताठ बसून राही. आमच्यात बाईने असं बसणं म्हणजे उद्धटपणाची हद्द. सगळ्यांत जास्त बोलायची ती तिची थोरली नणंद, नामुबिरू.

"कंपालाला जाऊन आली, गुडघे तिथेच ठेवून आली वाटतं!"

"तसंच समजा, वन्सं," नाबातान्झी म्हणायची.

मग नान्क्याचं लग्न ठरलं. मुलाकडचे मागणी घालायला येतात, तेव्हा मुलीच्या आईने सगळ्या मांडवासमोर गुडघे टेकून त्यांचं स्वागत करायचं असतं.

"मी आजारी आहे म्हणून सांग," नाबातान्झी म्हणाली.

"तू बाहेर येणार नसलीस तर मीही येणार नाही, आई," नान्क्या म्हणाली.

तेव्हा नाबातान्झीने ठरवलं, त्या दिवसाआधी पोटावरचं तोंड बंद करून घ्यायचं. नुसती तपासणी आहे असं समजून सोबतीला नणंद निघाली आणि निघताना तिनेच माळ्यावरून मला ओढलं. "ती नको!" नाबातान्झी ओरडली, पण बस आली होती.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात नामुबिरूने मला उलगडलं. डाग दिसला, वासही आला. ती काही विचारणार, तोच डॉक्टरीणबाई आल्या.

"मी चटई उसवते आणि परत शिवते," नाबातान्झी मान खाली घालून म्हणाली. "तुम्ही मला परत शिवा."

"मावशी, शिवायला दुसरं टोक लागतं. ते रोगाबरोबर काढावं लागलं. आता जोडायला तिथे काही उरलं नाही."

"दुसरा काही उपाय?"

"आतड्याचीच पिशवी पोटात बनवता येते. पण पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि ती पिशवी बिघडली तर आणखी एकदा. तुम्हाला ते झेपेल असं मला वाटत नाही. बिनकापाकापीचं एक आहे. एक दिवसाआड सकाळी त्या तोंडातून कोमट पाणी सोडून आतडं धुवायचं. आमची नर्स शिकवेल. मग बहुतेक दिवस लहानसं झाकण पुरतं. मात्र पोटातल्या वाऱ्यावर ताबा राहत नाही, तो केव्हाही सुटेल."

डॉक्टरीणबाई गेल्या. नामुबिरूने माझ्या डागावर तळहात ठेवला.

"अगं, मी तुला काय काय बोलले. माज आलाय म्हणाले."

"माज म्हटलेलं बरं होतं, वन्सं. घाण म्हटलेलं सोसलं नसतं."

नाबातान्झी नर्सकडून ते धुणं शिकली. गावी आल्यावर नामुबिरूने मला साबणाने घासलं आणि उन्हात पसरलं. वास गेला. डाग तेवढा राहिला.

मागणीच्या दिवशी मांडव भरला. नामुबिरूने मलाच पसरलं, डागावर स्वतः बसली आणि आपला पायघोळ झगा त्यावर नीट सारला. मग शेजारची जागा थोपटली. "ये गं. इथे मी आहे."

नाबातान्झी आली. मुलाकडच्या म्हाताऱ्यांसमोर तिने हळूहळू गुडघे टेकले, पोट दाबलं गेलं आणि वारा सुटल्याचा स्पष्ट आवाज झाला. भरल्या मांडवात सगळ्यांना ऐकू गेला. ओल नव्हती, नुसता आवाज होता. पण नाबातान्झीची बोटं माझ्या पट्टीत रुतली. ती उठून पळणार असं मला वाटलं.

"माफ करा, मंडळी!" नामुबिरू मोठ्याने म्हणाली. "सकाळपासून शेंगदाण्याचं कालवण चाखतेय. म्हाताऱ्या आत्यांचं पोट असंच बोलतं!"

मांडव खो खो हसला. म्हातारे तर डोळे पुसू लागले. नाबातान्झी हसली नाही. लाज तिच्या मानेवर तशीच होती, आजही थोडी आहे. पण ती उठली नाही. तिथेच गुडघ्यांवर राहून तिने प्रत्येकाची खुशाली विचारली, शेवटच्या माणसापर्यंत.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. चटई कधी ओली गुंडाळून ठेवू नका, उन्हात पसरा. आणि कोणी तुमच्याजवळ बसायला कचरत असेल, तर त्याला गर्विष्ठ म्हणण्याआधी थोडं सरका आणि शेजारची जागा थोपटा.