गाडीमागचे तीस पौंड

मी एक जुना ताणकाटा आहे. पितळी तोंड, पोटात पोलादी स्प्रिंग, वर कडी आणि खाली हूक. मला ओढा, किती ओढले ते मी सांगतो. मित्रांनो, खुशामत करणे मला जमत नाही. हिंगणघाटला सरकी काढण्याच्या एका कारखान्यात, म्हणजे जिनात, मी कापसाचे बोजे तोलत असे, तेव्हा विकणारा आणि घेणारा दोघेही माझ्यावर चिडत. दोघे सारखेच चिडले की तिथला मिस्त्री खूश होई.

पुढे जिनात नवा काटा आला आणि मी नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे सदाशिवराव नावाचे प्राध्यापक बैलगाडीच्या चाकावर संशोधन करीत. चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, रुंद केली तर बैलांची ओढ किती कमी होईल, हा त्यांचा प्रश्न. गाडीला मला अडकवून ते फरशीवरच ओढ मोजत.

सत्तावन साली दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. प्रेमदास, पवनारचा. त्याला या कामात हात घालायचा होता.

"शेवटच्या वर्षाआधी मी कोणाला घेत नाही," सदाशिवराव म्हणाले.

प्रेमदास जागचा हलला नाही. "पण सर, फरशीवर गाडी कोण हाकतं? आमच्याकडे काळी माती आहे."

खरे सांगतो, मलाही कधीपासून हेच म्हणायचे होते. सदाशिवरावांनी मला गाडीपासून सोडवले. मग मला आणि रुंद धावेची दोन चाके त्यांनी त्याच्या हवाली केली. "दिवाळीच्या सुट्टीत मोजून आण. मोजणी पटली तर इथे तुला जागा. नाहीतर शेवटच्या वर्षी भेटू."

चाके बसच्या टपावर आणि मी प्रेमदासच्या मांडीवर, असे आम्ही पवनारला पोहोचलो. घरात एकटी आई, भागीरथाबाई. मागच्याच वर्षी या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि इंजिनिअर होणारा पोरगा वस्तीत हा पहिलाच. शेजारच्या तानबाने आपली कापसाची गाडी दिली. तिला मागेपुढे बांबूचा उंच तट्टा होता. आत वाळूची पोती भरली. बैलांच्या जुवाला दोर, दोराला मी आणि माझ्यामागे गाडी. तानबाने दांडी तोलून धरायची आणि प्रेमदासने माझ्या बाजूने चालत आकडे टिपायचे.

पहिल्या दिवशी जुनी, अरुंद धावेची चाके होती. धाम नदीकाठच्या ओल्या वाटेवर गाडी रुतत चालली. दुसऱ्या दिवशी रुंद धाव लावली आणि माझा काटा कालच्या निम्म्यावरच थांबला. प्रेमदासचा आनंद गगनात मावेना.

संध्याकाळी आई भाकर वाढत होती. तिचे तळवे सोलले होते.

"आई, हाताले काय झालं?"

"काई नाई. आज गाडी ढकलली थोडी."

"कोणती गाडी?"

"तुह्यीच. काल कपाळाले आठ्या घालून चालून राह्यला होता तू. मले वाटलं, परीक्षेत गाडी अडली पोराची. तानबा म्हणे, वहिनी, मांगून जोर लावजो, मी सांगत नाई."

प्रेमदासच्या हातातला घास हातातच राहिला. मी खुंटीवरून पाहत होतो. मी खोटे बोललो नव्हतो. पुढून जेवढी ओढ आली तेवढीच सांगितली होती. तट्ट्यामागचे मला तरी कसे दिसणार? सुट्टीचा एकच दिवस उरला होता. तोच आकडा नेला असता तर प्रयोगशाळेतली जागा पक्की होती, आणि सदाशिवराव काही पवनारला विचारायला येणार नव्हते.

"उद्या परत मोजू," तो म्हणाला.

"काऊन? चांगलं तर आलं होतं."

"चांगलं आलं, खरं नाई आलं. उद्या तू माह्या बाजूनं चालजो."

तो तिच्यावर रागावला नाही. उठून त्याने तिच्या तळव्यांना तेल-हळद लावली. माणसांची पारख मला एरवी होत नाही, पण हा पोरगा मला मनापासून आवडला.

तिसऱ्या दिवशी आई त्याच्या बाजूने चालली. अरुंद धावेपेक्षा ओढ कमी झाली खरी, पण अगदी थोडी. परतीच्या बसमध्ये त्याने दुसऱ्या दिवशीचे आकडे खोडले.

सदाशिवरावांनी कागद दोनदा वाचला. "हे मधले का खोडलेस?"

"आईने मागून ढकललं होतं, सर. ते खरे आकडे नाहीत."

"आणि हे शेवटचे?"

"ते खरे आहेत. फायदा थोडाच आहे."

"थोडा आहे, पण मातीवरचा आहे." त्यांनी शेवटच्या आकड्यातून खोडलेला आकडा वजा केला. बाकी तीस उरली. "हेही मोजमापच आहे. खोडू नकोस. बाजूला लिही, आईचा जोर, तीस पौंड." मग कोपऱ्यातले स्टूल त्यांनी स्वतः टेबलाजवळ ओढले. "बस इथे."

मित्रांनो, मी आयुष्यभर कापूस तोलला, लोखंड तोलले, बैलांची ताकद मोजली. पण त्या तीस पौंडांएवढा अभिमान मला कशाचाच वाटला नाही.

आता मी कपाटात पडून आहे. स्प्रिंगला गंज चढला आहे. कधी मला बाहेर काढलेत तर आधी तेल द्या, काटा शून्यावर येतो का ते तपासा. आणि गाडी हलकी चालते आहे असे वाटले, तर मी सांगितलेला आकडा लिहिण्याआधी एकदा तट्ट्यामागे जाऊन बघा, कोण ढकलते आहे ते.